झुंबरबाईंच्या कोनाड्यातलं नेट

झुंबरबाईंना रिकामं बसलेलं कासुर्डीत कुणी पाहिलेलं नाही. बसल्या तरी हात चालू. शेंगा फोडायच्या, वाकळ शिवायची, नाहीतर नातीचं डोकं मांडीवर घेऊन केसांतून बोटं फिरवत राहायचं. अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, त्यामुळं एका जागी गप्प बसणं म्हणजे आजारपण, असा त्यांचा ठाम समज. नवरा, कोंडिबा, होते तोवर दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर घराकडं वळायचं, हाच त्यांचा संसार. कोंडिबा गेले, कळप विकला, आणि दारात पाच-सहा मेंढ्या तेवढ्या उरल्या. त्यांच्यावर बाई अशा काही ओरडायच्या की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, या घरात आता डोकी फुटणार. प्रत्यक्षात एखादी मेंढी जरा लंगडली तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

अशा बाईच्या घरात इंटरनेट आलं ते सुनेच्या पायानं.

सून प्रतिभा, माहेर वरवंडचं. लग्नाआधी ती पुण्यात खराडीच्या एका कंपनीत लागली होती. काम सगळं फोनवर. लोकांचे फ्रिज आणि कपडे धुण्याची मशीनं बिघडली की त्यांनी हिला फोन करायचा, हिनं गोड आवाजात ऐकून घ्यायचं आणि काय काय करून बघा ते सांगायचं. शिवन्या झाल्यावर कंपनीनं तेच काम घरून करायची परवानगी दिली. नवरा बिरदेव शिक्रापूरला कारखान्यात, तिथंच चौघांत खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याचं काम कंत्राटावरचं, आज आहे उद्याचं ठाऊक नाही. घरात भरवशाचा पगार काय तो प्रतिभाचा.

नेट जोडायला यवतचा माऊली आला होता. अंगानं काडी, पण तोंड असं की समोरच्याला श्वास घ्यायला फट सापडू नये. मधल्या खोलीत प्लगची जागा एकच, आणि तीही देव्हाऱ्याजवळ, देवापुढच्या छोट्या दिव्यासाठी काढून घेतलेली. माऊली डोकं खाजवत उभा राहिला. झुंबरबाईंनी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातली तेलाची बाटली आणि काडेपेटी उचलली आणि म्हणाल्या, "बसू दे हितंच. देवाच्या शेजारी हाय तर बरंच हाय."

असं ते पांढरं मशीन कोनाड्यात बसलं.

सुरुवातीला बाईंचा त्या मशीनवर काडीचाही विश्वास नव्हता. दारं लावून, कानाला ते काय ते लावून सून दिवसभर बोलते काय आणि पगार येतो काय! पण हळूहळू त्यांना एक गोष्ट दिसायला लागली. शिवन्या, पावणेदोन वर्षांची, खेळता खेळता पडली की आतलं दार उघडायचं. जेवणाच्या सुट्टीत प्रतिभा बाहेर येऊन पोरीला आपल्या हातानं वरणभात भरवायची. दुपारी पोर आईच्या खुर्चीमागच्या गोधडीवर झोपायची आणि जाग आली की पहिल्यांदा तिला आईच दिसायची. झुंबरबाई हे सगळं उंबऱ्यात बसून बघायच्या आणि नुसती मान हलवायच्या. काय वाटतंय ते त्या कुणाला सांगत नव्हत्या.

आणि मग नेट जायला लागलं.

म्हणजे पुरतं जायचं नाही. पुरतं गेलं असतं तर माणूस एकदाचा डोक्याला हात लावून बसला असता. हे जायचं, यायचं, परत जायचं. नाशिकच्या एका बाईंना प्रतिभा सांगत असायची, "मॅडम, मशीन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा," आणि तेवढ्यात हिचंच मशीन बंद. कोनाड्यात लाल दिवा लुकलुकायचा. प्रतिभा धावत जाऊन बटण दाबायची, चालू करायची, तो दिवा हिरवा होईपर्यंत देव्हाऱ्यासमोर हात चोळत उभी राहायची. नाशिकच्या बाई तोवर संतापून दुसऱ्या कुणाकडं हिचीच तक्रार करत असायच्या.

माऊलीला फोन गेला. तो आला, खांबापासून घरापर्यंत तार बघितली आणि निकाल दिला, "खार हाय वहिनी. खारीनं कुरतडलीया." तारेचा शेवटचा तुकडा कापला, टोकाला मशीनमध्ये जातं ते हिरवं तोंड नवं बसवलं, चहा प्याला आणि गेला. नेट असं चाललं की प्रतिभानं त्याला मनोमन दुवा दिला. आठवडा सरला, सोमवार उजाडला आणि दुपारच्या उन्हात पुन्हा लाल दिवा.

दुसऱ्या वेळी माऊलीला व्होल्टेज सापडलं. "शेतातल्या मोटरी सुरू झाल्या का तुमच्याकडं दाब पडतो," तो म्हणाला. सगळी तोंडं काढून, शर्टाला पुसून, फुंकर मारून त्यानं परत घातली. बिरदेवनं शिक्रापूरहून बॅटरीची डबी आणली, म्हणजे वीज गेली तरी मशीन चालू राहील. नेट पुन्हा छान चाललं. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गेलं.

तिसऱ्या खेपेला त्यानं मेंढ्यांकडं बोट दाखवलं. तार दारातल्या बांबूवरून गेली होती आणि मेंढ्या त्या बांबूला अंग घासायच्या. "ह्यांच्यानीच तार हालती बघा," तो म्हणाला, आणि झुंबरबाईंचा पारा चढला.

"माझ्या मेंढरांनी आजवर कुणाच्या रानातलं पान खाल्लं न्हाई, आन् आता तुझं नेट खात्यात व्हय रं?"

"तसं न्हाई मावशी..."

"मग कसं? कवा खार झाली, कवा मोटरी झाल्या. आता मुक्या जनावरावर आलास!"

माऊलीनं मुकाट्यानं बांबू बदलला, तार उंच केली, जाता जाता तोंडही नवं बसवून दिलं. निघताना त्यानं सवयीनं विचारलं, "पोरगी तर हात लावत न्हाई ना मशीनला?" झुंबरबाई छाती पुढं काढून म्हणाल्या, "पोरीला मी कोनाड्याकडं फिरकू बी देत न्हाई." आणि ते अगदी खरं होतं.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात प्रतिभाच्या वरिष्ठ, सविता मॅडम, यांचा फोन आला. बाई वाईट नव्हत्या, उलट प्रतिभाला त्यांनीच घरून काम मिळवून दिलं होतं. पण त्या म्हणाल्या, "प्रतिभा, तुझं काम चांगलं आहे म्हणूनच इतके दिवस थांबले. कस्टमरला असं मध्येच सोडणं नाही चालणार. महिनाअखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर पहिल्या तारखेपासून तुला खराडीला ऑफिसात यावं लागेल."

प्रतिभानं फोन ठेवला आणि मनाशी हिशेब मांडून बघितला. कासुर्डीहून खराडीला रोज जायचं म्हणजे पोर उठायच्या आत घर सोडायचं आणि ती झोपल्यावर परतायचं, हायवेवरच्या गर्दीनं परतू दिलं तर. नाहीतर पुण्यात खोली घ्यायची आणि शिवन्याला इथं ठेवायचं. नोकरी सोडायची सोय नव्हती आणि तिला सोडायचीही नव्हती. तिला ते काम आवडायचं. दूरच्या कुण्या गावात कुणाचा तरी फ्रिज तिच्या सांगण्यानं गार व्हायचा याचं तिला मोठं कौतुक होतं.

रात्रीच्या भाकरी टाकताना तिनं सासूला सांगितलं. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, नेट असंच जात राह्यलं तर मला पुण्याला जावं लागंल. शिऊ तुमच्यापाशी ऱ्हाईल."

झुंबरबाईंचा हात परातीत तसाच थांबला. मग पीठ रगडत त्या म्हणाल्या, "काय व्हत न्हाई. देव बघतोय." आणि उठून बाहेर मेंढ्यांवर विनाकारण ओरडून आल्या.

पुढचा सोमवार आला तसा लाल दिवाही आला. या वेळी माऊली येऊ शकत नव्हता. उसाच्या ट्रॉलीनं यवतच्या रस्त्यावरची तार ओढून नेली होती आणि अर्धं गाव त्याच्या नावानं शिमगा करत होतं. फोनवरच तो ओरडून म्हणाला, "वहिनी, तुमीच करा. ते हिरवं तोंड अलगद वढून काढा. त्येच्यात केसाएवढा काचेचा धागा हाय, त्यातनं उजेड येतो. टोकावर घाण बसली का उजेड अडतो. मऊ, कोरड्या फडक्यानं टोक पुसा आन् परत घाला."

प्रतिभानं शिवन्याचं धुतलेलं पांढरं दुपटं घेतलं, तोंड काढलं, टोक अलगद टेकवून पुसलं. परत घातलं. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. तिच्या जिवात जीव आला. मग दुपटं घडी करताना तिला त्यावर डाग दिसला. पिवळा, टिकलीएवढा. तिनं नाकाशी नेला. हळद.

देवाला वाहतात तो भंडारा. या घरात तो कुठं नव्हता? देव्हाऱ्यात होता, उंबऱ्यावर होता, रविवारी झुंबरबाईंच्या कपाळावर मळवटभर होता. पण मशीनच्या आत, एवढ्याशा भोकात, तो आपल्या पायानं चालत जाणार नव्हता. प्रतिभा खुर्चीवर बसून आठवत राहिली. सोमवार. प्रत्येक वेळी सोमवार. आणि रविवारी ती सुट्टी म्हणून उशिरा उठायची, दिवसभर मशीनकडं बघायची नाही.

खरं सांगायचं तर तिला भयंकर राग आला. एवढे दिवस ती रडकुंडीला आली होती, एवढी बोलणी खाल्ली होती, आणि मूळ घरातच! ती तरातरा बाहेर आली. झुंबरबाई शिवन्याला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत, अंगणातून येरझारा घालत होत्या. पोरीला बारीक ताप होता आणि प्रतिभा फोनवर असताना तिला बाईच एकट्यानं सांभाळत होत्या. प्रतिभानं आधी पोरीच्या कपाळाला हात लावून बघितला. शिवाय खात्री कुठं होती? न बघता घरच्या मोठ्या माणसावर आळ घ्यायचा कसा? बघू रविवारी, असं म्हणून ती कामाला बसली.

रविवारी ती पहाटेच जागी झाली. बिरदेव शेजारी घोरत होता. मधल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला तशी ती दबक्या पावलांनी दाराशी गेली.

झुंबरबाई आंघोळ करून, ओल्या केसांचा अंबाडा बांधून देव्हाऱ्यासमोर बसल्या होत्या. देवाचे चांदीचे टाक चिंचेनं घासून, लख्ख करून पाटावर मांडलेले. ते झाल्यावर त्या उठल्या आणि कोनाड्यातलं मशीन खाली घेतलं. मागची तोंडं एकेक करून उपसली. मशीन मांडीवर घेतलं आणि तान्ह्या पोराचं अंग पुसावं तसं पदरानं पुसलं. मग भंडाऱ्यात बोटं बुडवून त्याच्या कपाळावर, म्हणजे ज्याला त्या कपाळ समजत होत्या तिथं, तीन बोटं ओढली. तारांनाही लावला. हिरव्या तोंडाला तर दोनदा लावला, कारण सुनेनं त्याचंच नाव जास्त घेतलेलं त्यांनी ऐकलं होतं. आणि हे करताना त्या मशीनशी बोलत होत्या.

"लई उपकार हायत बाबा तुझं. रुसू नको आता. ह्या महिन्यात तर अजिबात रुसू नको. माझ्या बिरूला मी जावंपाशी ठिवून कोकणात जायची. ल्हान व्हता, वाट झेपंना म्हून. परत आले तवा माझं पोर तिच्या पदराआड लपलं. तिला आई म्हनत व्हतं, आन् मला म्हनलं, ही कोन हाय? मी कुनाला सांगितलं न्हाई, तुला सांगती. माझ्या सुनंला तसं करावं लागलं न्हाई, ते तुझ्यामुळं. तिचं पोर तिच्यापाशी हाय. तेवढं ऱ्हाऊ दे."

दाराशी प्रतिभाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. राग कुठल्या कुठं गेला. या बाईनं कधी 'जेवलीस का' यापलीकडं गोड शब्द काढला नव्हता, आणि दर रविवारी ती सुनेसाठी असं मागणं मागत होती. आता हे तिला सांगायचं कसं? आणि सांगितलं नाही तर उद्या दुपारी लाल दिवा ठरलेला.

बाई आता तारा परत घालत होत्या, हिरवं हिरव्यात, काळं काळ्यात, एकही चूक नाही. प्रतिभा पुढं आली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"उठलीस व्हय एवढ्या लवकर?" झुंबरबाई म्हणाल्या, आणि चोरी पकडल्यासारखं हसल्या.

"आत्या," प्रतिभानं त्यांचा मनगटाशी हात धरला, "थांबा. ह्या हिरव्या तोंडात काच हाय. त्यातनं उजेड येतो. भंडारा लागला का उजेड अडतो. नेट त्यानं जातंय."

झुंबरबाईंनी हातातल्या पिवळ्या झालेल्या तोंडाकडं बघितलं. मग आपल्या बोटांकडं. 

"म्हंजी... मीच तुला घालवीत व्हते?"

"न्हाई आत्या."

"मीच की गं! माझ्या हातानं पोरीची आई..." त्यांनी बोटं पदराला खसाखसा पुसली. मशीन जमिनीवर ठेवलं आणि त्या मागं सरकल्या. "मी आता ह्या कोनाड्याकडं बघायची बी न्हाई. देव बी दुसरीकडं हलव. मला कळत न्हाई तर कशाला हात लावावा मी!"

"मी ऐकलं तुमी काय म्हनत व्हता ते," प्रतिभा म्हणाली. "आत्या, मशीन नुसता आवाज नेतं. मी आत बोलती तवा बाहेर शिऊला कोन बघतं? तिचा ताप कुनी काढला? घरी बसून काम करती म्हून गावात मला बायका नावं ठेवत्यात, त्यांची तोंडं कुनी बंद केली? मला काय कळत न्हाई व्हय? मी इथं हाय ती तुमच्यामुळं हाय. मी कधी बोलले न्हाई, ती चूक माझी."

झुंबरबाईंना असलं बोलणं ऐकायची सवय नव्हती. त्या पाटावरच्या टाकांकडं बघत राहिल्या. प्रतिभानं भंडाऱ्याची वाटी उचलून त्यांच्यापुढं धरली आणि कपाळ पुढं केलं.

"मशीनला न्हाई. मला लावा."

 बाईंनी लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तोच हात सुनेच्या गालावरून फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. प्रतिभा वाकून त्यांच्या पाया पडली. दोघीही रडत होत्या आणि दोघींनाही त्याची लाज वाटत नव्हती. नंतर दोघींनी मिळून ते हिरवं टोक मऊ फडक्यानं पुसलं. फडकं झुंबरबाईंनी धरलं, टोक प्रतिभानं.

बिरदेवला तिनं सगळं सांगितलं, जावेच्या पदराआड लपलेल्या पोराचंही.  त्या दिवशी मित्रांकडं जायचं होतं ते त्यानं रद्द केलं आणि दुपारभर आईजवळ बसून शेंगा फोडल्या. "निम्म्या शेंगा तर खाऊनच टाकल्यास," म्हणून झुंबरबाई त्याच्यावर ओरडल्या.

सोमवारी ऊन चढलं तसं प्रतिभाचं लक्ष पुन्हा पुन्हा कोनाड्याकडं जात होतं. दिवा हिरवा होता. मंगळवारी हिरवा, शुक्रवारीही हिरवा. माऊलीनं फोन करून आपणहून विचारलं, "मेंढ्या लांब बांधल्या ना वहिनी? म्हनलं व्हतं ना मी!" तिनं हसून "व्हय," म्हटलं. बिचाऱ्याचा तेवढा आनंद कशाला हिरावायचा?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सविता मॅडमचा फोन आला. या आठवड्यात एकही कॉल तुटला नव्हता. "घरूनच कर तू," त्या म्हणाल्या. "पण झालं होतं तरी काय?"

"घरातल्यांना विचारायचं राहून गेलं होतं, मॅडम," प्रतिभा म्हणाली. "विचारल्यावर कळलं."

फोन ठेवून ती धावत अंगणात आली. झुंबरबाई पायरीवर शिवन्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हातात दूधभाताची वाटी. सुनेचा चेहरा बघूनच त्यांना उमगलं, पण त्यांनी काही विचारायच्या आत शिवन्यानं आईला पाहिलं. आजीच्या हातातला घास तसाच टाकून, वाटी लवंडून, "आई, आई" करत ती दुडुदुडु पळत सुटली आणि प्रतिभाच्या पायांना मिठी मारून बसली.

"घ्या! सगळा भात सांडला," प्रतिभा म्हणाली. "आजीला सोडून आलीस व्हय गं?"

"सांडू दे," झुंबरबाई म्हणाल्या. लुगड्यावरचा भात झटकायचंही त्यांना भान नव्हतं. त्या नातीकडं बघत होत्या आणि तोंडभर हसत होत्या. "वळखती तुला. लांबनं वळखती."